न पाझरणाऱ्या श्रोत्यांपुढील सुवार्ता

पेशवाई अद्याप उभी असताना, १८१३ सालच्या फेब्रुवारीत, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबई बंदरात उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना मुलखाबाहेर काढावयास टपलेलेच होते. परंतु गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांची सौम्य वृत्ती आणि त्याच वर्षीची नवी सनद यांच्या आधारे त्यांचे पाऊल येथे टिकले. सरकारची परवानगी अशी पदरात पडली, श्रोत्यांची मात्र पडेना. नॉट प्रकृतीच्या कारणाने लौकरच परतले. हॉल मराठी आत्मसात करून बाजारात आणि देवळांपाशी तेरा वर्षे उपदेश करीत राहिले, आणि एवढ्या अवधीत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. बंगालात केरी या पाद्रीसाहेबांनाही पहिल्या हिंदू शिष्यासाठी १८०० सालापर्यंत, म्हणजे सात वर्षे, वाट पाहावी लागली होती.

मिशनच्या दप्तरांत या अपयशाचे खापर बहुधा श्रोत्यांच्या अंतःकरणाच्या काठिण्यावर फोडलेले आढळते. मला हा निवाडा एकतर्फी वाटतो. ज्या समाजातून १८३१ साली मोरभट दांडेकर पाद्री जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद करावयास पुढे आले, आणि १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांना उत्तरे देत बसले, तो समाज निद्रिस्त होता असे कोण म्हणेल? त्याने ऐकले, तोलले आणि नाकारले. नाकारण्याची किंमत शून्य होती. स्वीकारण्याची किंमत म्हणजे पंक्ती, सोयरीक, आईबापांचे दर्शन. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला खरा, पण पंगतीतले पान राखणे कोणत्याही कायद्याच्या आटोक्यातले नव्हते.

हॉल यांच्याविषयी आदर वाटतो तो निराळ्या कारणाने. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशकास गेले असता तेथे पटकीचा कहर चालू होता. जवळची औषधे वाटून संपल्यावर परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत ते रात्री टेकले, तेथेच त्यांना त्या रोगाने गाठले आणि २० मार्चला त्यांचा अंत झाला. त्या ओसरीवर वादविवाद झाला नाही. ज्यांच्यासाठी ते तेथवर गेले होते, त्यांच्याच रोगाने ते गेले.

उपदेशाचे रूप बदलले ते पुढे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनात आणले, आणि व्याख्यानाला न थांबणारी माणसे कथेला बसू लागली. कवी नारायण वामन टिळकांच्या बाबतीत तर बाजारातील प्रवचनाने नव्हे, आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने दिलेल्या नव्या कराराने काम केले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि गंमत अशी की या वाग्विलासी कवीला सर्वांत न बधणारा श्रोता स्वतःच्या घरातच मिळाला! त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ येऊनही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. त्यांच्या मनातला जातिभेद आधी गळाला, आणि धर्मांतर त्यानंतर, १९०० साली, झाले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास दिसते की या बाईला युक्तिवादाने कोणी जिंकले नाही.

टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच खुला ठेवून. दोन वर्षांनी ते वारले, आणि दरबाराला पुढे तो जोर राहिला नाही; त्यांची पदे मात्र मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.