नाव झाकून घेतलेली परीक्षा

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते नारायण विनायक जगताप. नंतर कळले, की हे जगताप म्हणजे केंब्रिजहून परतलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथाही पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहावी, एवढाच हेतू.

नव्या औषधाची चाचणी घेताना वैद्यकशास्त्र हेच करते. खरे औषध कोणाला आणि नुसती गोळी कोणाला, हे रुग्णाला ठाऊक नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही. ठाऊक असले, की मन हवे तेच पाहू लागते.

२००८ मध्ये नारळीकरांनी पुण्यात हीच कसोटी फलज्योतिषाला लावली. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, ज्योतिषाचे अभ्यासक-चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. शाळेतील १०० हुशार मुले आणि बौद्धिक वाढ खुंटलेली १०० मुले, अशा दोनशे जणांच्या कुंडल्या मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि विचारले, यातली हुशार मुले कोणती?

५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरे पाठवली २७ जणांनी. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले तरी पन्नासच्या आसपास येतात! एका ज्योतिष संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासल्या, १०२ बरोबर. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

हा काही नुसता वादविवाद नव्हता. मूल उशिरा बसते, हाकेला वळत नाही, म्हणून घाबरलेले आई-बाप आधी पत्रिका घेऊन निघतात. शांत होते, खडा येतो, महिने जातात. त्या बाळाला जन्मजात थायरॉईडची कमतरता असेल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू केलेली साधी स्वस्त गोळी त्याची बुद्धी वाचवू शकते. निदानासाठी टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब पुरतात. उशीर झाला, तर झालेले नुकसान पूर्ण भरून निघत नाही. ग्रहदशा संपण्याची वाट पाहण्याची किंमत बाळ मोजते.

नारळीकरांनी ज्योतिषांना शिव्या दिल्या नाहीत. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणण्याला त्यांनी जाहीर विरोध केला, तोही शांत शब्दांत. ‘वामन परत न आला’, ‘प्रेषित’ लिहिणारा हा माणूस कल्पनेच्या विरोधात कसा असेल? कल्पना मांडा, पण तपासू द्या, एवढेच त्यांचे मागणे. स्वतःच्या बाबतीतही तसेच. अवकाशातून जीवजंतू येत असतील, ही फ्रेड हॉईल आणि विक्रमसिंघे यांची कल्पना भारतीय शास्त्रज्ञांनी उंच बलून सोडून तपासली, त्या प्रयोगांत ते होते. ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेत जिवाणू सापडले. ते पृथ्वीवरचे नाहीत, हे मात्र सिद्ध झाले नाही.

त्यांचे सहकारी दाभोलकर स्वतः एमबीबीएस डॉक्टर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यातच गेले.

मुले स्वाक्षरी मागायला आली, की ते वहीवर सही करत नसत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, असे सांगत. उत्तर लिहीत आणि त्याखाली सही करून पाठवत.