खानदेशातील वने व अभयारण्ये

तापी नदीच्या मधल्या खोऱ्याभोवतीच्या डोंगराळ कडांवर टिकून राहिलेली महाराष्ट्राच्या वायव्य भागातील वनक्षेत्रे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ती पसरलेली असून त्यांत यावल, अनेर धरण व गौताळा–औट्रमघाट ही अभयारण्ये आणि मुक्ताई-भवानी, तोरणमाळ, चिवटीबावरी व अलालदरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे येतात. पश्चिमेकडील सह्याद्रीच्या पायथ्याशी, पिंपळनेर परिसरात, गावकऱ्यांनी स्वतः राखलेले बारीपाड्याचे वनही याच पट्ट्यात आहे. खोऱ्याचा सपाट, काळ्या मातीचा मध्यभाग दीर्घकाळापासून शेतीखाली असल्यामुळे खानदेशातील वन हे मुख्यतः काठावरचे वन होय. त्याचे बहुतेक प्रश्न या स्थितीतून उद्भवले आहेत.

प्राकृतिक पार्श्वभूमी : खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री व दक्षिणेस सातमाळा–अजिंठ्याचे डोंगर आहेत. नवापूरच्या बाजूस वर्षाकाठी १०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होत जातो व पर्जन्यछायेतील साक्री–धुळे भागात ५० ते ६० सेंमी.च्या आसपास येतो. त्यामुळे येथील वने प्रामुख्याने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग हा त्यांतील मुख्य वृक्ष असून त्याच्या जोडीने ऐन, धावडा, सालई, खैर, मोह, टेंभुर्णी, पळस, चारोळी, बेहडा, आवळा व बांबू आढळतात. अंजन हा खानदेशाचा खास वृक्ष मानला जातो. उथळ, खडकाळ जमिनीतही तो तग धरतो. त्याचे लाकूड जड व टिकाऊ असून पाला गुरांना चारा म्हणून उपयोगी पडतो. मार्च ते मे या काळात बहुतेक वृक्ष निष्पर्ण होतात आणि वणव्यांचा धोका याच दिवसांत सर्वाधिक असतो.

इतिहास : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला, त्या वेळी डोंगरांलगतचा मोठा प्रदेश घनदाट झाडीचा होता. भिल्लांचे बंड शमविण्यासाठी १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीचा प्रमुख जेम्स औट्रम हा वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. कन्नड घाटास दिलेल्या औट्रम घाट या नावात त्याची स्मृती राहिली आहे. एकोणिसाव्या शतकात लागवडीचा विस्तार, लाकूडतोड व शिकार यांमुळे वने व वन्य प्राणी दोन्ही घटत गेले. १८७८ च्या वन कायद्यानुसार वने राखीव करण्यात आली. त्यामुळे तोडीस काहीसा आळा बसला. परंतु गुरचराई, जळण व मोहाची फुले यांवर जगणाऱ्या भिल्ल, पावरा, कोकणा व मावची लोकांचे पिढीजात व्यवहार एकाएकी गुन्हा ठरले. १९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, त्यांमागे हीच वेदना होती. पिंपळनेरपासून दूर नसलेले नासिक जिल्ह्यातील कळवण हे त्यांपैकी एक केंद्र होते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९८० चा वनसंवर्धन कायदा यांनी संरक्षणाची चौकट अधिक बळकट केली. २००२ च्या दुरुस्तीने अभयारण्याखेरीज ‘संवर्धन राखीव’ हा प्रकार कायद्यात आला. त्यात शासकीय वनजमिनीचे रक्षण करताना स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे अभिप्रेत असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य केले.

प्रमुख संरक्षित क्षेत्रे : यावल अभयारण्य (१७७.५२ चौ. किमी.) जळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्यात असून त्याची स्थापना १९६९ मध्ये झाली. सुकी व अनेर या तापीच्या उपनद्या या परिसरातून वाहतात. सुकी नदीकाठचे पाल हे थंड हवेचे ठिकाण अभयारण्याच्या भ्रमंतीस सोयीचे आहे. बिबळ्या, अस्वल, तरस, कोल्हा, सांबर, भेकर, चिंकारा, नीलगाय व रानडुक्कर हे येथील प्रमुख प्राणी होत. वाघाचा वावर अधूनमधून आढळतो.

अनेर धरण अभयारण्य (८२.९४ चौ. किमी.) धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात असून ते १९८६ मध्ये घोषित झाले. जलाशय व त्याभोवतीचे डोंगर यांमुळे पाणपक्षी व रानपक्षी दोन्ही येथे पाहावयास मिळतात. तापी–पूर्णा संगमाजवळील हतनूर जलाशय हे अभयारण्य नसले, तरी हिवाळी स्थलांतरित पक्ष्यांसाठी तो महत्त्वाचा आहे.

गौताळा–औट्रमघाट अभयारण्य (२६०.६१ चौ. किमी.; स्थापना १९८६) जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात पसरले आहे. त्याच्या परिसरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आणि पाटणादेवीचे मंदिर आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी व अन्य ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाटण येथे मिळाला. निसर्ग, शिल्प व विद्येची परंपरा एकाच दिवसाच्या भ्रमंतीत पाहता येतील, असे हे खानदेशातील ठिकाण आहे.

मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र (१२२.७४ चौ. किमी.) मुक्ताईनगर तालुक्यात असून ते २०१४ मध्ये घोषित झाले. येथील वाघ लगतच्या केळीच्या बागांतही वावरतात. दाट सावली व ओलावा यांमुळे त्या बागा त्यांना आसरा देतात. मेळघाट व यावल यांमधील दुवा म्हणून या क्षेत्राला विशेष महत्त्व आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ संवर्धन राखीव क्षेत्र (९३.४२ चौ. किमी.) २०१६ मध्ये घोषित झाले. हजार मीटरांहून अधिक उंचीवरील तोरणमाळचे पठार व तेथील यशवंत तलाव पर्यटकांच्या परिचयाचे आहेत. यांशिवाय धुळे जिल्ह्यातील चिवटीबावरी (६६.०४ चौ. किमी.) व अलालदरी (१००.५६ चौ. किमी.) या क्षेत्रांना २०२० नंतरच्या वर्षांत संवर्धन राखीव हा दर्जा मिळाला.

रानपिंगळा : खानदेशाच्या वनांना जागतिक पक्षिशास्त्रात स्थान मिळाले ते या लहानशा घुबडामुळे. अ‍ॅलन ह्यूम याने १८७३ मध्ये मध्य भारतातील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे ब्रिटिश मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडल्याची विश्वसनीय नोंद नव्हती. १९१४ चा म्हणून सांगितला जाणारा रिचर्ड माइनर्ट्‌सहागेन याचा नमुना वस्तुतः जुन्याच संग्रहातून चोरून खोट्या नोंदीनिशी ठेवलेला असल्याचे उघडकीस आले. त्यामुळे शोधाची दिशा पुन्हा मूळ ठिकाणांकडे वळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळील सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा आढळला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ मध्ये ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इ. ठिकाणीही त्याची नोंद झाली. अन्य बहुतेक घुबडांच्या उलट तो दिवसाही वावरतो. सरडे, उंदीर, मोठे कीटक हे त्याचे भक्ष्य असून तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो. साहजिकच जुनी, ढोली असलेली झाडे तोडली गेली, की वन वरवर हिरवे दिसले तरी रानपिंगळ्यास ते निरुपयोगी ठरते.

पिंपळनेर परिसर व बारीपाडा : पिंपळनेर हे साक्री तालुक्यातील पांझरा नदीकाठचे गाव पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्याचे प्रवेशद्वार आहे. पांझरा याच तालुक्यातील डोंगरांत उगम पावून पिंपळनेर, साक्री व धुळे यांजवळून वाहत तापीला मिळते. तिच्यावरील व शेजारच्या मोसम खोऱ्यातील फड पद्धतीचे बंधारे काही शतकांचे जुने आहेत. लाभक्षेत्राचे ‘फड’ पाडून प्रत्येक फडात एकच पीक घेणे, ते दरवर्षी आळीपाळीने बदलणे आणि पाण्याची वाटणी शेतकऱ्यांनी नेमलेल्या पाटकऱ्याकडे सोपविणे, ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. बंधाऱ्याला पाणी टिकून मिळावयाचे, तर उगमाकडील डोंगर झाडीने झाकलेले असावे लागतात. उघड्या उतारावरून पावसाचे पाणी मातीसह एकदम वाहून जाते व नदी लवकर आटते. म्हणून या भागात वनाचा प्रश्न हा शेतीच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

बारीपाडा हा पिंपळनेर परिसरातील कोकणा आदिवासींचा लहान पाडा. बेसुमार तोडीमुळे १९९० च्या सुमारास तेथील डोंगर उघडे पडले होते व पाण्याचे दुर्भिक्ष्य जाणवू लागले होते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने एकत्र येऊन सुमारे ४४५ हेक्टर वनक्षेत्राचे रक्षण हाती घेतले. त्यात वनवासी कल्याण आश्रमाचे साहाय्य लाभले. झाड तोडणाऱ्यास दंड, गावकऱ्यांची पाळीने राखण व उतारांवर पाणी अडविण्याची कामे ही या प्रयत्नाची मुख्य अंगे होत. येथे नवे रोप लावण्यापेक्षा असलेल्या बुंध्यांना व मुळांना फुटू देण्यावर भर दिला गेला. पानझडी वनात ही रीत कमी खर्चाची व अधिक खात्रीची असते. झाडी वाढली तशी विहिरींची पातळी सुधारली व भातशेतीस आधार मिळाला. २००४ पासून येथे भरणाऱ्या वनभाजी महोत्सवात स्त्रिया रानभाज्या रांधून मांडतात. त्यांचे ज्ञान हाही वनाचाच एक ठेवा असल्याचे त्यातून लोकांसमोर आले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

भ्रमंतीचा हंगाम : जुलै ते सप्टेंबर या काळात धबधबे व हिरवळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पक्षी व सुखद हवा आणि एप्रिल–मे महिन्यांत पाणवठ्यांवर येणारे प्राणी पाहावयास मिळतात. अभयारण्यांत प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते.

समस्या : अतिक्रमण, अवैध सागतोड, वणवे व चराई या जुन्या समस्यांत धरणे व महामार्ग यांची भर पडली आहे. सरदार सरोवरामुळे नर्मदाकाठची महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताच्या कक्षेत आली. तेथील विस्थापितांसाठी तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन द्यावी लागली. एका ठिकाणच्या नुकसानीची भरपाई दुसऱ्या वनातून करण्याचे हे उदाहरण बोलके आहे. दुसरी अडचण तुटकपणाची. येथील प्रत्येक संरक्षित क्षेत्र आकाराने लहान असल्याने वाघासारखा प्राणी एकाच क्षेत्रात टिकू शकत नाही. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ गौताळ्यापर्यंत पोहोचल्याची नोंद झाली. त्याची बहुतेक वाट अभयारण्यांच्या बाहेरून, शेते व गावशिवारे यांमधून गेली होती. राखीव क्षेत्रांच्या सीमा कायद्याने आखता येतात. परंतु त्यांच्यामधील जोडवाटा मोकळ्या ठेवणे वाटेवरील गावांच्या संमतीवाचून शक्य नसते. कोकणा, मावची व भिल्ल समाजांत वाघदेवाची पूजा अद्याप रूढ आहे. वनांशी असलेला हा जुना संबंध आणि बारीपाड्याचा अनुभव यांचा आधार मिळाल्यास खानदेशातील उरलेली वने राखण्याचे काम अधिक सुकर होईल.