बिब्ब्याच्या पोटातली गोडंबी

या रे बाळांनो, जवळ बसा. हे बी डोळ्यांनी बघायचं, हात मात्र लावायचा नाही. काळं कुळकुळीत, चपटं, टोकाकडे निमुळतं. हा बिब्बा. आपल्या पानझडी रानांतलं झाड, आंब्याच्या आणि काजूच्या कुळातलं. काजूसारखंच याचंही बोंड असतं: वर नारिंगी, गरदार देठ आणि त्याच्या टोकाला उघड्यावर लोंबणारं बी.

आता एवढं बी उघड्यावर टांगायचं, तर ते राखायला नको? म्हणून झाडानं टरफलाच्या आत बारीक बारीक खण केले आणि त्यांत जहाल तेल भरून ठेवलं. हवा लागली की ते काळं पडतं. पूर्वी परीट याच तेलानं कपड्यांवर खुणा करत. वर चुना लावला की कितीही धुवा, खूण जात नसे.

तेच तेल अंगाला लागलं, तर ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटून बसतं. मग शरीराच्या पहारेकऱ्यांना आपलीच कातडी परकी वाटते आणि ते तिच्यावरच तुटून पडतात! म्हणून फोड पुष्कळदा लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. बिब्बा उतला म्हणतात तो असा.

असल्या बियाला औषध करायचं धाडस आपल्या वैद्यांनी केलं. चरकसंहितेतला भल्लातक तो हाच. कफाच्या विकारांवर तिथे त्याची थोरवी सांगितली आहे, आणि तो आगीसारखा तीक्ष्ण आहे, हेही. म्हणून आधी शुद्धी. बिब्ब्याचे देठ छाटायचे, तुकडे करून विटेच्या चुऱ्यात चोळायचे. कोरडी वीट तेल पिते, चुरा तेलकट होतो. मग तुकडे गरम पाण्यानं धुवायचे. एवढं करूनही तो वैद्याच्या देखरेखीखालीच, दूध-तुपाबरोबर घ्यायचा, आणि त्या दिवसांत उन्हातान्हात हिंडायचं नाही. घरी कुणी प्रयोग करायचे नाहीत, कळलं?

आणि या जहाल टरफलाच्या आत काय असतं? पांढरी, गोड गोडंबी! बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात घालतात ती. विदर्भात बाया एकेक बिब्बा दगडावर फोडून ती काढतात. तेल उडतं, बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. बाजारात कुणी गोडंबी महाग म्हणून कुरकुरलं, तर त्याला त्या बायांचे हात कसे होतात ते सांगा.