मुलगी ‘पोस्टडॉक’ करते, म्हणजे नेमकं काय करते?

संक्रांतीच्या हळदीकुंकवात एक प्रश्न ठरलेला असतो. “तुमची धाकटी हल्ली कुठं असते?” यंदा आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं, “अमेरिकेत. पोस्टडॉक करते.” लगेच पुढचा प्रश्न आला, “म्हणजे अजून शिकतेच आहे?” काकू गप्प झाल्या. वाण देताना हळूच मला म्हणाल्या, “अगं, ती म्हणते, मी काम करणारे उत्प्रेरक क्ष-किरणांनी बघते. आता हे चारचौघींत कसं सांगू? आणि ते क्ष-किरण ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो बघ.”

तुमच्याही नात्यात अशी एखादी मुलगी असेल. तेव्हा जरा निवांत बसून हे वाचा.

आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. पोस्टडॉक हे शिक्षण नव्हे, नोकरी आहे. डॉक्टरेट मिळाल्यावर दोन-तीन वर्षांच्या करारावर केलेलं संशोधन. पगार मिळतो, पण पुढची शाश्वती नसते, आणि हे सगळं नेमकं अशा वयात येतं, की नातेवाईक पत्रिका मागू लागतात. या मुलींच्या मनावर त्याचं ओझं असतं. निदान आपण तरी “अजून शिकतेच आहे का?” असं विचारू नये.

आता उत्प्रेरक. वनस्पती तूप आपण सगळ्यांनी पाहिलंय. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात, आणि त्या कामाला निकेलची बारीक पूड लागते. काम झालं की निकेल गाळून काढतात. या शोधाबद्दल फ्रान्सच्या पॉल सबातिए यांना १९१२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शाळेत आपण घोकलं होतं, ‘उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः बदलत नाही.’ मार्क मिळाले, पण वाक्य अर्धंच खरं होतं. काम चालू असताना उत्प्रेरक बदलतो आणि काम संपलं की पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणून आधी बघा की नंतर बघा, तो तसाच दिसतो. डब्यातली गार पोळी बघून ती तव्यावर कशी फुगली हे कळेल का? तसंच आहे हे.

काकूंच्या मुलीचं काम आहे डिझेल गाड्यांच्या धुराशी. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून ट्रकवाले पेट्रोलपंपावर डिझेलबरोबर युरियाचं पाणीही भरताना दिसतात. त्या युरियापासून गरम धुरात अमोनिया तयार होतो आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत होतं. पण हे आपोआप होत नाही. अनेक गाड्यांत त्यासाठी झिओलाइट नावाच्या खनिजात बसवलेलं तांबं असतं. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म पिंजऱ्यांची चाळच म्हणा ना! एकेका पिंजऱ्याची खिडकी एवढी लहान, की मिलिमीटरचे पंचवीस लाख भाग केले तर त्यातला साधारण एक.

एवढ्याशा जागेतलं तांबं बघायचं कसं? १८९५ साली राँटजेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं आणि अंगठी दिसली. ती सावली होती. इथे सावली बघत नाहीत. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेतात आणि पदार्थ किती किरण शोषतो ते मोजतात. प्रत्येक धातूची एक ठरलेली जागा असते, तिथे शोषण एकदम उडी मारतं. लोखंडाची उडी ७,११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, तांब्याची ८,९७९ ला. तांब्याने एक इलेक्ट्रॉन गमावलाय की दोन, त्यावर ती उडी जराशी मागेपुढे सरकते. उडीच्या पुढे ज्या लाटा उमटतात, त्यांवरून शेजारी कोण आहे आणि किती अंतरावर, तेही काढता येतं.

प्रयोगात चिमूटभर पूड बारीक नळीत भरतात, ती दोनशे अंशांपर्यंत तापवतात आणि तिच्यातून तोच वायू सोडतात, जो गाडीत असतो. एका बाजूने क्ष-किरण, दुसरीकडे बाहेर पडणाऱ्या वायूची मोजणी. दोन्ही एकाच वेळी, म्हणजे तांबं बदललं ते खरोखर काम करताना बदललं, हे सिद्ध होतं.

अशाच प्रयोगांतून २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी एक गंमत दाखवली. तांब्याचे कण पिंजऱ्यात गप्प बसून राहत नाहीत. अमोनिया अंगाभोवती घेऊन ते खिडकीतून शेजारी जातात, दोघं भेटतात, मिळून ऑक्सिजनचा रेणू घेतात आणि मग काम पुढे सरकतं. एकट्याला ते जमत नाही. पण त्यांना मोकळं रानही नाही. दाव्याला बांधलेली गाय दाव्याच्या लांबीएवढंच चरते, तसे हे कण आपल्या जागेपासून सुमारे नऊ अँगस्ट्रॉमपर्यंतच जातात, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटी भागांपैकी नऊ! तेवढ्यात जोडीदार सापडला तर ठीक, नाहीतर तो कण तसाच रिकामा राहतो. म्हणून पुडीत तांबं फार विरळ असेल, तर त्यातलं काही कामालाच येत नाही. गार पुडी कितीही तपासली असती, तरी हे दिसलं नसतं.

राहिला काकूंचा पोटातला गोळा. हे किरण दवाखान्यातल्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर, ही गोष्ट खरी. शिकागोजवळच्या ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्समध्ये इलेक्ट्रॉन १.१ किलोमीटर परिघाच्या रिंगणात धावतात, तिथून हे किरण निघतात. पण पूड ठेवलेली असते शिशाने मढवलेल्या खोलीत. आत कुणी नाही ना, हे बघूनच दार लावावं लागतं, आणि दार उघडं असेल तर किरण आत येऊच शकत नाहीत, अशी कुलपांची रचना असते. मुली बाहेर संगणकापुढे बसतात. खरा त्रास जागरणाचा. अर्ज मंजूर होऊन यंत्र मिळतं ते काही दिवसांपुरतं, त्यामुळे दिवसरात्र पाळ्या. नळी गळायला लागली तर पहाटे तीनलाही उठून बघायचं.

आणि हो, यासाठी परदेशीच जावं लागतं असं नाही. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ हे रिंगण २००५ पासून आहे. परिघ सुमारे १७२ मीटर, आकाराने लहान, पण तिथेही हा प्रयोग होतो. इंदूर म्हणजे आपल्या कितीतरी जणींचं माहेर! गणपतीला गेलात तर तिथे काय चालतं याची भाचरांकडे जरूर चौकशी करा.

हे सगळं काकूंना ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, ते दाव्याचं विशेष आवडलं. परवा दुपारी मुलीला फोन लावला, तिकडे मध्यरात्र, पाळी चालू. “जेवलीस का?” हे झालंच. मग त्या म्हणाल्या, “आणि काय गं, तुझ्या तांब्याला जोडीदार मिळाला का?”

पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग ती जी बोलायला लागली, ती पाऊण तास. इकडे काकूंची डाळ करपली.