चूक दप्तराची, शिक्षा शिपायाची

नोकरीत पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या कारकुनाला किंवा शिक्षकाला सेवापुस्तकाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. माणूस साक्षात समोर उभा असला तरी त्याची जन्मतारीख सेवापुस्तकातच असते. आणि त्या दोघांत मतभेद झाला, तर खरे ठरते ते सेवापुस्तक. रुजू होण्याच्या दिवशी कुणी घाईघाईत एक आकडा चुकीचा लिहिला, तर त्याचे ओझे निवृत्तीपर्यंत वाहावे लागते. तरीही नागरी नोकराची एक सोय असते. त्याचे कार्यालय बहुधा त्याच्याच जिल्ह्यात असते आणि दप्तर सांभाळणारा माणूस ओळखीचा असतो. सैनिकाचे तसे नाही. त्याची उमेदीची वर्षे सीमेवर जातात, त्याच्या नोंदी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात आणि निवृत्तिवेतनाचा आदेश प्रयागराजहून निघतो. या तिन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे कागद; आणि तो कागद चुकला, की सैनिक आपल्याच आयुष्याला परका होतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या परिचयाचे एक निवृत्त हवालदार घरी आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या पिशवीत जीर्ण झालेले डिस्चार्ज बुक होते. "सर, इंग्रजीत एक अर्ज लिहून पाहिजे," ते म्हणाले. अर्जात मागण्या दोन होत्या. १९७१ च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते, पण तेथे लढलेल्यांना मिळालेल्या पूर्वी स्टार या पदकाची नोंद त्यांच्या पुस्तकात नव्हती. दुसरी बाब वरवर क्षुल्लक वाटावी अशी. लग्नात पत्नीचे नाव बदलण्याची आपल्याकडील रीत सर्वांना ठाऊक आहे. तात्यांच्या लग्नाची वर्दी पलटणीत गेली तेव्हा पत्नीचे माहेरचे नाव नोंदले गेले. आधार कार्डावर, बँकेत आणि मतदारयादीत मात्र सासरचे नाव आहे. कागदोपत्री या दोन निराळ्या स्त्रिया! यापूर्वी पाठविलेल्या अर्जाला संबंधित कार्यालयाकडून उत्तर आले होते, की मूळ कागदपत्रे सादर करावीत. मूळ कागदपत्रे त्याच कार्यालयाच्या ताब्यात असताना ती तात्यांनी कोठून आणावीत, याचा खुलासा उत्तरात नव्हता.

मी अर्जात पदकाचा मुद्दा प्रथम घेतला. तात्यांनी मला थांबविले. "ते नंतर लिवा. पदक नाही मिळालं तरी चालंल. आधी तिचं नाव नीट करा. मी गेल्यावर ती कुणाकुणाच्या दारात जाणार?" त्या वाक्याने माझी लेखणी अडखळली, हे कबूल केले पाहिजे. सैनिकाच्या मृत्यूनंतर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पण ते ज्या नावाने मंजूर व्हावयाचे ते नावच चुकले असेल, तर नवऱ्याच्या पश्चात आपण त्याची पत्नी होतो हे सिद्ध करण्याची पाळी त्या वृद्धेवर येते.

हा केवळ दप्तरदिरंगाईचा प्रश्न आहे, असे म्हणून तो निकालात काढता येणार नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात एक मूलभूत प्रश्न दिसतो: चुकीची किंमत कोणी सोसावी? या शास्त्रात एक सरळ तत्त्व मांडले गेले आहे. जो पक्ष कमीत कमी खर्चात चूक टाळू शकतो, त्याच्यावरच तिचा भार टाकावा. म्हणजे चुका आपोआप कमी होतात. सैनिकी नोंदींच्या बाबतीत तो पक्ष कोणता, हे सांगावयास फार विद्वत्ता लागत नाही. नोंद लिहिणारे, जपणारे आणि तपासू शकणारे कार्यालय एकच असते. प्रत्यक्षात मात्र भार पडतो तो सैनिकावर. आणि ज्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही, त्याला ती टाळण्याची घाईही नसते.

हे दुखणे केवळ आपले नाही. कागद जपण्याच्या कामी आपल्याहून कितीतरी अधिक पैसा खर्च करणाऱ्या अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९४६ पूर्वी तेथे सैनिकाच्या नोंदीतील अन्याय दूर करावयाचा, तर अनेकदा त्या एका माणसासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक आणावे लागे. त्या वर्षी झालेल्या कायद्याने ही प्रथा बंद केली आणि नोंदी दुरुस्त करण्याचे काम मुलकी व्यक्तींच्या मंडळांकडे सोपविले. ही सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. पण मंडळाच्या कामकाजाचा आरंभबिंदू पाहावा: सरकारी नोंद नियमानुसारच झाली असणार, असे गृहीत धरावयाचे आणि ती चुकीची असल्याचा पुरावा अर्जदाराने द्यावयाचा. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावयाचा, हीही अट आहे. न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ती शिथिल करू शकते.

आता, ज्या नोंदीवर एवढा विश्वास टाकावयाचा ती नोंदच नष्ट झाली तर? १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर सेंट लुईस शहरालगतच्या सैनिकी अभिलेखागाराला आग लागली. दप्तराच्या दालनांत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आग पूर्णपणे विझावयास चार दिवसांहून अधिक काळ लागला आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली नाहीशा झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. दोन महायुद्धांत लढलेल्या पिढ्यांचा हा इतिहास होता, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

पुढे तेथे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. कर्मचाऱ्यांनी अर्धवट जळालेले, पाण्याने भिजलेले कागद सुकविले आणि लाखो फायलींचे अवशेष वाचविले. जेथे काहीच उरले नव्हते तेथे पगाराच्या पावत्या, रुग्णालयांतील दाखल्यांच्या नोंदी, तुकड्यांचे रोजचे हजेरीअहवाल असे दुय्यम पुरावे जुळवून सेवेचा इतिहास पुन्हा उभा करण्याची पद्धत रुजली. म्हणजे मूळ कागद नसला तरी सत्य शोधता येते. फक्त शोधण्याचे कष्ट दप्तराने घेतले पाहिजेत.

पण कागद हरविण्यासाठी आगच लागते असे नाही. कॅप्टन पेरिस डेव्हिस हे अमेरिकेच्या विशेष दलातील पहिल्या काही कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी एक. जून १९६५ मध्ये व्हिएतनाममधील बाँग सॉन येथे, स्वतः अनेकदा जखमी होऊनही, त्यांनी रणांगण सोडावयास नकार दिला आणि जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून बाहेर काढले. सर्वोच्च शौर्यपदकासाठी त्यांची शिफारस झाली. ती फाइल गहाळ झाली. १९६९ मध्ये चौकशी झाली तेव्हा फायलीचा पत्ता लागला नाही. शिफारस नव्याने करावयास सांगण्यात आले. तीही नाहीशी झाली. त्यांना मिळाले ते खालच्या दर्जाचे सिल्व्हर स्टार. जुने सहकारी आणि काही स्वयंसेवक चिकाटीने पाठपुरावा करीत राहिले, तेव्हा कोठे ३ मार्च २०२३ रोजी ते सर्वोच्च पदक त्यांच्या गळ्यात पडले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. यामागे वर्णभेद होता काय, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. पण फाइलच नसल्याने त्याचा निवाडा कागदावरून होऊ शकत नाही. गहाळ फाइल अन्याय करते, आणि अन्यायाचा पुरावाही सोबत घेऊन जाते.

हा संशय निराधार म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला त्या काळी हे पदक मिळाले नव्हते. पुढे सैन्यानेच जुन्या नोंदी तपासवून घेतल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते दिले. त्यांपैकी हयात होते एकटे व्हर्नन बेकर. त्याहून जुनी कथा डॉ. मेरी वॉकर यांची. यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या या शल्यचिकित्सक स्त्रीला १८६५ मध्ये पदक मिळाले. १९१७ मध्ये नियमांचा फेरविचार होऊन ९११ नावे यादीतून वगळण्यात आली. त्यांत त्यांचेही नाव होते. त्यांनी पदक परत केले नाही. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते छातीवर मिरविले. त्यांचे नाव यादीत परत आले ते १९७७ मध्ये.

आपल्याकडे या गाऱ्हाण्यांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले. २००९ पासून ते काम करू लागले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईतही आहे. पण तेथेही साधारणपणे सहा महिन्यांची मुदत आहे. विलंब माफ करणे न्यायाधिकरणाच्या हाती. विलंबाची किंमत कोण मोजतो, हे २००८ च्या एका निकालात स्वच्छ दिसते. १९८३ मध्ये वैद्यकीय कारणास्तव सैन्यातून मुक्त झालेला एक सैनिक अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. मात्र थकबाकी न्यायालयात येण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत असेल. पण हिशेबाच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की सुमारे तेरा वर्षांची रक्कम सरकारच्या तिजोरीत कायमची राहिली. ज्या व्यवस्थेत विलंब सरकारला लाभदायक ठरतो, तेथे विलंब कमी व्हावा कसा?

याच्या उलट दिशेने टाकलेले पाऊलही नमूद केले पाहिजे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की भरतीच्या वेळच्या तपासणीत एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर तो सैनिक निरोगी होता असे मानावे. आजार सेवेमुळे जडला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नाही. नोंदीतील मौनाचा फायदा सैनिकाला, हे ते तत्त्व. ते वैद्यकीय बाबींपुरतेच का मर्यादित असावे?

यावर आक्षेप येईल, की असे दरवाजे उघडले तर खोटे दावेदार घुसतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खोटी पदके छातीवर लावून फिरणारी माणसे सर्वत्र असतात. परंतु चुका दोन प्रकारच्या असतात: अपात्राला देणे आणि पात्राला नाकारणे. आपले नियम पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी चूक कितीही वेळा करावयास तयार असतात. कारण पहिलीबद्दल लेखापरीक्षक जाब विचारतो, दुसरीबद्दल कोणीच विचारीत नाही. खोट्या दावेदाराला पकडण्यासाठी दंडविधान आहे. नाकारलेल्या विधवेसाठी काय आहे?

उपाय फार खर्चाचे नाहीत. सैनिक निवृत्त होण्यापूर्वी त्याच्या नोंदीची संपूर्ण प्रत त्याच्या मातृभाषेत समजावून देऊन पती-पत्नी दोघांच्या समक्ष तपासावी. मूळ कागद कार्यालयाच्या ताब्यात असेल, तर तो अर्जदाराकडे मागू नये. तो हरवला असेल, तर पगारपत्रके, पलटणीचे आदेश, रुग्णालयाच्या नोंदी धुंडाळण्याची जबाबदारी कार्यालयाची असावी आणि ठरावीक मुदतीत काही निष्पन्न झाले नाही, तर सैनिकाचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरावे. आणि चूक कार्यालयाची ठरली, तर थकबाकी मूळ तारखेपासून द्यावी. निवृत्तिवेतनाचा कारभार आता संगणकावर जात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण चुकीचे नाव संगणकात घातले, तर ते चुकीचेच राहते, फक्त अधिक वेगाने बाहेर येते.

तात्यांचा अर्ज आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठविला. पत्नीचे नाव पहिल्या परिच्छेदात आणि पूर्वी स्टारचा उल्लेख शेवटच्या ओळीत, त्यांनी सांगितले तसे. पोचपावती त्यांनी घडी घालून डिस्चार्ज बुकात ठेवली आणि म्हणाले, "एवढी मात्र जपून ठेवतो सर. माझ्याजवळचा कागद अजून हरवलेला नाही."