नळ आपला, जबाबदारी कुणाची?

विठ्ठलवाडीला लोकल पकडताना कधी विचार केलाय, सकाळी भरलेली बादली आली कुठून? उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही. बारवी धरणातून उल्हास नदीत सोडलेलं पाणी एमआयडीसी जांभूळला शुद्ध करून देते. म्हणून थेंबही वाया जाणं परवडणारं नाही.

नेहमी जलवाहिनीचा आराखडा एकाचा, बांधकाम दुसऱ्याचं; गळती लागली की दोघंही हात वर करतात. ‘डिझाइन-बिल्ड’मध्ये दोन्ही कामं एकाच कंत्राटदाराकडे, त्यामुळे जाबही त्यालाच विचारायचा. पण मेख इथेच आहे. शेवटच्या नळाला दाब किती हवा, चाचणी कशी घ्यायची, हे निविदेतच लिहायला हवं. नाहीतर काम स्वस्तात उरकलं जातं. सिव्हिलवाल्यांनो, उद्या ती ओळ तुम्हालाच लिहायचीय!