विश्लेषण : ब्रिटनमधल्या भाड्याच्या घरात हीटिंग बंद पडले, तर आधी काय तपासायचे?

शिक्षण किंवा नोकरीसाठी महाराष्ट्रातून ब्रिटनला गेलेल्यांची 'सेंट्रल हीटिंग'शी पहिली ओळख बहुधा भाड्याच्या घरातच होते. आपल्याकडे अंघोळीचे पाणी तापवायला गीझर पुरतो. तिथे अख्खे घर तापवावे लागते. ऐन जानेवारीत ही यंत्रणा बंद पडली की काही तासांत घर गारठते. यातले बरेच बिघाड घरच्या घरी ओळखता येतात. मात्र कुठे हात लावायचा नाही, हे माहीत असणेही तितकेच गरजेचे आहे.

यंत्रणा चालते कशी?

बहुतेक घरांत भिंतीवर गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि गार झालेले पाणी पुन्हा बॉयलरमध्ये येते. हे पाणी बंद चक्रात फिरते, नळाला येत नाही. 'कॉम्बी' प्रकारचा बॉयलर नळाचे पाणी वेगळ्या मार्गाने, नळ सोडला की लगेच तापवून देतो. म्हणून पहिली चाचणी सोपी आहे : गरम पाण्याचा नळ सोडून पाहायचा.

नळही गार आणि रेडिएटरही गार?

मग बॉयलरच चालू नाही. विजेचा स्विच, फ्यूज बोर्ड आणि गॅस पुरवठा तपासावा. अनेक भाड्याच्या घरांत गॅसचे प्रीपेड मीटर असते. त्यातले पैसे संपले की गॅस बंद होतो. त्यानंतर बॉयलरवरचा प्रेशरचा काटा पाहावा. यंत्रणा गार असताना तो साधारण १ ते १.५ बारवर हवा. तो खाली गेला असेल, तर अनेक बॉयलर स्वतःहून बंद होतात. बॉयलरखालच्या 'फिलिंग लूप'चे व्हॉल्व्ह सावकाश उघडून पाणी भरता येते. काटा जागेवर आला की व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचे. मॉडेलनुसार पद्धत बदलते, त्यामुळे आधी माहितीपुस्तिका वाचावी. काही दिवसांत प्रेशर पुन्हा उतरले, तर कुठेतरी गळती आहे किंवा आतला भाग खराब झाला आहे. सारखे पाणी भरत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

थंडीच्या लाटेतच बॉयलर का बंद पडतो?

आधुनिक कंडेन्सिंग बॉयलरमध्ये धुरातल्या वाफेचे पाणी होते. ते प्लास्टिकच्या बारीक पाइपमधून बाहेर सोडले जाते. हा पाइप घराबाहेरून नेलेला असेल, तर कडाक्याच्या थंडीत आतले पाणी गोठते, वाट बंद होते आणि बॉयलर गुडगुड आवाज करून थांबतो. हात पोहोचेल इतका पाइप खाली असेल, तर त्यावर कोमट पाणी ओतावे. उकळते पाणी ओतू नये, पाइप तडकू शकतो. बर्फ वितळला की बॉयलरचे रिसेट बटण दाबावे.

नळाला गरम पाणी, पण रेडिएटर गार?

आधी टायमर आणि थर्मोस्टॅट पाहावा. थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा खाली ठेवलेला असेल, तर हीटिंग सुरू होणारच नाही. उलट तो ३० वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही. कुठे थांबायचे, एवढेच तो ठरवतो. ही सेटिंग ठीक असेल, तर आतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. ते काम तंत्रज्ञाचे.

एखादाच रेडिएटर गार?

हात लावून पाहावे. वरून गार आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्यावा, खाली फडके धरावे आणि वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चावीने किंचित सैल करावा. फुस्स आवाज थांबून पाणी येऊ लागले की तो बंद करावा. यानंतर प्रेशर थोडे उतरते, ते तपासावे. खालून गार असेल, तर तळाशी गंजाचा गाळ साचला आहे. तो धुऊन काढावा लागतो. पूर्ण गार असेल, तर बाजूच्या व्हॉल्व्हची पिन अडकल्याची शक्यता असते.

कुठे थांबायचे?

बॉयलरचे झाकण उघडायचे नाही. गॅसवर चालणाऱ्या भागांचे काम 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे जो धोका होतो, तोच इथेही आहे : कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो. घरात डोकेदुखी, चक्कर, मळमळ जाणवते आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, हा धोक्याचा इशारा समजावा. अशा वेळी किंवा गॅसचा वास आल्यास खिडक्या-दारे उघडून सगळ्यांनी बाहेर पडावे. मग ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. गॅसचा वास येत असताना विजेच्या बटणांना हात लावू नये. भोवळ येत असेल, तर डॉक्टरांची मदत लगेच घ्यावी.

दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार, सर्वसाधारण भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. गॅस उपकरणांची तपासणी दर १२ महिन्यांनी करून घेणे आणि त्याची प्रत भाडेकरूला देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावावा लागतो. बिघाड झाला की फोनवर न थांबता ईमेल करावा. त्यात बॉयलरवर दिसणारा एरर कोड आणि प्रेशरच्या काट्याचा फोटो जोडावा. दाद मिळाली नाही, तर स्थानिक कौन्सिलकडे तक्रार करता येते. घर ताब्यात घेतानाच तपासणीची प्रत मागून घेतली आणि अलार्म वाजवून पाहिला, तर हिवाळ्यातली निम्मी धावपळ वाचते.